चक्रीय वस्त्ररचना

कापड, कपडा किंवा कारखान्यातली कुठलीही वस्तू बेततानाच तिच्या शेवटाचा विचार करण्याची पद्धत. बनवताना तुकडे उरू नयेत, वापरून झाल्यावर वस्तू सुटी करता यावी आणि तिच्यातला माल पुन्हा त्याच तोडीच्या कामाला यावा, अशी या पद्धतीची अपेक्षा असते. मराठीत ‘बेतणे’ म्हणजे आखणेही आणि कापणेही; या विषयाचा गाभा त्या एका क्रियापदात आहे. कपडा टाकून देताना जो कचरा दिसतो, त्यातला बराचसा नमुन्याचा कागद आखताना आणि सुताचे मिश्रण ठरवतानाच पक्का झालेला असतो.

कापणीच्या टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरतात आणि वर सगळ्या भागांची मांडणी आखलेला लांब कागद, म्हणजे मार्कर, ठेवतात. पाठ, पुढा, बाही, कॉलर हे भाग एकमेकांत कितीही दाटीने बसवले, तरी बाहीचा माथा आणि गळ्याचा गोलवा यांच्यामधून त्रिकोणी, चंद्रकोरी तुकडे सुटतातच. तयार कपड्यांच्या उद्योगात ही नासाडी साधारण १५ टक्के धरली जाते. संगणकाने मांडलेला मार्कर तिच्यात थोडी घट करतो. गोल भाग चौकोनी कापडात बसवण्याचे कोडे मात्र तसेच राहते. तुकडा उरूच न देणाऱ्या ‘शून्य कचरा’ बेतणीचे टिमो रिसानेन, हॉली मॅक्विलन यांच्यासारखे अभ्यासक ते कोडेच बदलतात. त्यांची सुरुवात कापडाच्या पन्ह्यापासून होते. गळ्यातून निघालेला तुकडा खिसा होतो, बाहीच्या कडेचा काखेतली कळी होतो.

यात अडचणी दोन. पन्हा तोच राहत असल्याने माप वाढवताना एक भाग मोठा केला की शेजारचा आकसतो; म्हणजे प्रत्येक मापाला जवळजवळ नवी मांडणी. दुसरी अडचण हिशेबाची आहे. सगळे तुकडे कपड्यात कोंबले आणि एका नगाला लागणारे कापड तेवढेच राहिले, तर बचत काहीच नाही, कचरा नुसता अंगावर चढवला. एका नगाला किती मीटर लागले, हे विचारल्याशिवाय ‘शून्य कचरा’ या शिक्क्याला फारसा अर्थ नाही.

जपानी किमोनो या कसोटीला उतरतो. सुमारे ३५ ते ४० सेंमी पन्ह्याच्या एका लांब पट्टीतून त्याचे सगळे भाग सरळ, काटकोनी कापतात. धुण्याची जुनी रीत, ‘आराइहारी’, याहून बोलकी आहे : किमोनो पूर्ण उसवायचा, भाग जोडून पुन्हा एक लांब पट्टी करायची, ती धुऊन, खळ देऊन ताणून वाळवायची आणि नव्याने शिवायची. मग माप बदलता येते, रंगही. विणमालात (निटवेअरमध्ये) वेगळा मार्ग सापडला. शिमा सेइकी या जपानी कंपनीने १९९५ मध्ये आणलेले यंत्र अख्खा स्वेटर एकसंध विणते. तिथे कापणीच नाही.

कपडा टिकवण्याचा प्रश्न कधीकधी याच्या उलट जातो. शिवणीत राखलेल्या जादा कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. माया असली की कपडा सैल करता येतो, उसवून दुरुस्त करता येतो. कारखान्यातले ओव्हरलॉक यंत्र ती शिवतानाच छाटते. कापड वाचवायचे की आयुष्य वाढवायचे, हा निर्णय अशा सेंटिमीटरभर पट्टीवर येऊन ठेपतो.

‘१०० टक्के सुती’ लिहिलेला जुना शर्ट सुती कापडाच्या रंगाच्या टबात बुडवला की कापड रंग घेते आणि शिवणी पुष्कळदा जुन्याच रंगाच्या राहतात, कारण शिवणदोरा पॉलिएस्टरचा असतो. बटणे प्लॅस्टिकची, कॉलरला ताठ ठेवणारे आतले बकरम डिंकाने चिकटवलेले. अशा शर्टातून निव्वळ कापूस मिळवायचा तर आधी एवढे सोडवावे लागते. म्हणून ठरावीक तापमानाला वितळणारे शिवणदोरे निघाले आहेत : कपडा भट्टीत घातला की शिवण आपोआप उसवते. इलॅस्टेनला, म्हणजे कापडाला ताण देणाऱ्या कृत्रिम तंतूला, असा उपाय नाही, ते सुतातच असते. चिंध्या पिंजण्याच्या यंत्राला थोडेसे इलॅस्टेनही त्रास देते.

चिंध्या पिंजून सूत काढणे नवे नाही. इंग्लंडमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास लोकरी चिंध्यांपासून ‘शॉडी’ नावाचे कापड बनवले. इटलीतील प्रातो आणि भारतातील पानिपत याच धंद्यावर नावारूपाला आले. चिंध्या रंगवार निवडल्या तर पुन्हा रंगवावे लागत नाही, हे तिथले जुने शहाणपण. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून नव्या तंतूंची भर घालावी लागते.

रासायनिक मार्गाने सुती कपड्यांचा लगदा करून पुन्हा तंतू काढता येतो. स्वीडनमधील रिन्यूसेल कंपनीने २०२२ मध्ये असा मोठा कारखाना सुरू केला आणि २०२४ मध्ये दिवाळे जाहीर केले. तंत्र होते, पुरेशा ऑर्डरी नव्हत्या. बाटल्यांपासून केलेल्या पॉलिएस्टरला सर्रास ‘चक्रीय’ म्हणतात, ते पटत नाही. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. एकदा टी-शर्ट झाला की बहुधा तो रस्ता संपतो.

मालाची निवड सुरुवातीलाच कशी करावी, याचे गाजलेले उदाहरण स्वित्झर्लंडच्या रोनर गिरणीचे. तिथली कात्रणे घातक कचऱ्यात मोजली जात. १९९० च्या दशकात रसायनतज्ज्ञ मायकेल ब्राउनगार्ट आणि वास्तुविशारद विल्यम मॅकडोना यांनी तिथे लोकर व रॅमी या वनस्पतीच्या तंतूंचे आसनकापड तयार करवले. कापड उद्योगातली सुमारे ८,००० रसायने चाळून त्यांनी ३८ ठेवली. पुढे कात्रणे जमिनीवर आच्छादन म्हणून वापरता आली.

इतर उत्पादनांत हाच विचार सुटे भाग आणि मालकी यांच्या अंगाने जातो. स्विस वास्तुविशारद वॉल्टर स्टाहेल यांनी १९७६ मध्ये जेनेव्हिएव्ह रेदे यांच्यासह युरोपीय आयोगासाठी केलेल्या अहवालात वस्तूंचे आयुष्य वाढवून ऊर्जेऐवजी माणसांना काम देण्याची कल्पना मांडली. फ्रान्समध्ये श्वाझी-ल-रुआ येथे रेनो ही मोटार कंपनी १९४९ पासून अनेक दशके जुनी इंजिने उघडून नव्यासारखी करत होती. डेन्मार्कमधील कालुंडबोर्गला एका कारखान्याचे उरलेसुरले दुसऱ्याचा कच्चा माल होते.

कायदे उशिरा आले. फ्रान्सने २००७ मध्ये कपड्यांच्या विल्हेवाटीचा भार उत्पादकांवर टाकला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक झाले आणि मोठ्या कंपन्यांनी न खपलेले कपडे नष्ट करण्यावरील बंदीसाठी जुलै २०२६ ही मुदत ठरली. तंतूंचे प्रमाण सांगणाऱ्या लेबलाचा तिथला नियम मात्र २०११ चा आहे, आणि त्यात शिवणदोरा व कॉलरचे बकरम मोजावे लागत नाही.