चूर्णाने पोट बिघडतंय? आधी चमचा बघा

"तुमच्या त्रिफळाने पोटात मुरडा येतो", "अश्वगंधा घेतली की मळमळतं" अशा तक्रारी दुकानात रोज येतात. आम्ही उलट एकच विचारतो: चमचा कुठला घेता? बहुतेक वेळा उत्तर येतं, पोहे खायचा. तोही शिगोशीग भरून.

डबीवर मात्रा 3 ग्रॅम लिहिलेली असते. चहात साखर घालायचा छोटा चमचा सपाट भरला की साधारण तेवढं चूर्ण बसतं. पोह्यांचा चमचा शीग लावून भरला तर सहज 10 ग्रॅमला टेकतो. एवढं त्रिफळा एका वेळी पोटात गेल्यावर जुलाब होणारच, त्यात त्रिफळातल्या हिरड्याचा दोष नाही. म्हणून प्रत्येक डबीत पांढरं माप टाकतो. ते वाहतुकीत चूर्णाखाली जातं, वर दिसत नाही. झाकण उघडल्यावर कोरड्या चमच्याने जरा उकरा.

पोट नाजूक असेल तर पहिले चार दिवस अर्धंच माप घ्या. अश्वगंधा जेवणानंतर, कोमट दुधातून. दूध सोसत नसेल तर कोमट पाण्यातून. गुग्गुळाच्या गोळ्या उष्ण, त्या रिकाम्या पोटी घेऊच नका. आसव-अरिष्ट, म्हणजे आंबवून केलेली पातळ औषधं, जेवणानंतर, तेवढंच पाणी घालून. आणि सकाळी उठल्या उठल्या तीन चूर्णं एका पेल्यात ढवळून वर चहा, हा प्रकार कृपा करून बंद करा.

त्रास सुरू झालाच असेल तर दोन दिवस औषध थांबवा. मऊ भात, मुगाचं वरण, जिरं घातलेलं ताजं ताक घ्या. पोट पूर्ववत झालं की अर्ध्या मापाने पुन्हा सुरू करा. पोट नुसतं फुगत असेल तर हिंग्वाष्टक, म्हणजे हिंगाचं पाचक चूर्ण, तुपात कालवून पहिल्या घासाला घ्यावं. ते आमच्याकडे मिळतं, पण आंबट ढेकर, छातीत जळजळ असणाऱ्यांना आम्ही ते देत नाही. त्यात सुंठ, मिरी, पिंपळी आहे, जळजळ वाढेल.

उलट्या थांबत नसतील, शौचातून रक्त पडलं, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली, तर औषध बंद करून थेट डॉक्टरांकडे जा. गरोदर बायकांनी आणि थायरॉईडच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये.

उघडलेली डबी आम्ही परत घेत नाही, यावर काहीजण रागावतात. पण चूर्ण हवेतली ओल धरतं. एका घरून आलेली डबी दुसऱ्याला कशी विकायची? त्यापेक्षा नवीन औषध सुरू करताना 50 ग्रॅमची पुडी न्या. दोन वेळच्या पूर्ण मात्रेने ती आठ दिवस पुरते. मानवलं तर मोठी डबी घ्या, तीच स्वस्त पडते.