एक काचेचा तंतू, बत्तीस घरं

‘प्रकाशाच्या वेगाने इंटरनेट’ ही फायबरवाल्यांची लाडकी जाहिरात. वाक्य झकास आहे, पण श्रेय भलत्यालाच जातं. फायबर म्हणजे काचेचा तंतू, आणि काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. चांगल्या तांब्याच्या तारेतला संदेशही जवळपास तेवढाच पळतो, आणि मोबाईलच्या लहरी हवेतून ३ लाखांनी जातात. फायबरची खरी कमाई म्हणजे सेकंदाला कितीतरी जास्त बिट्स कोंबता येतात आणि ते लांबवर टिकतात. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम या संशोधकांनी सांगितलं होतं, की काच इतकी शुद्ध करा की किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरेल, मग दूरसंचाराचं काम होईल. आजच्या काचेत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किलोमीटरभर गेला तरी ९५ टक्के उरतो!

मग २०१९ च्या सप्टेंबरात जिओफायबरचे दर ६९९ रुपयांपासून सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ३९९ पर्यंत उतरले, ते कसे परवडले? स्पर्धा, सवलती हे आहेच. पण मुळात कंपनीच्या एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत स्वतंत्र तंतू कुणी टाकतच नाही. एकच तंतू येतो आणि वाटेत स्प्लिटर त्याचे ३२ फाटे करतो. स्प्लिटरला वीज लागत नाही, पंखा लागत नाही. तो प्रकाश वाटतो एवढंच. वाटणीत प्रकाश घटतो, म्हणून केबलवाला मीटर लावून ‘पॉवर मायनस बावीस येतेय’ वगैरे म्हणतो. हे माप डीबीएमचं: शून्य म्हणजे एक मिलिवॅट, आणि मायनस जितकं मोठं तितका प्रकाश कमी. जीपॉन म्हणजे एक तंतू अनेक घरांत वाटण्याच्या या पद्धतीत मायनस २७-२८ च्या खाली गेलं, की घरातल्या फायबरच्या डब्यावरचा (मोडेमवरचा) लाल दिवा लागलाच म्हणून समजा. मायनस २७ म्हणजे मिलिवॅटचा पाचशेवा भाग.

येणारा डेटा सोपा आहे. एक्स्चेंजकडून सेकंदाला अडीच अब्ज बिट्स सगळ्या घरांना एकदमच जातात. दवंडी सगळं गाव ऐकतं तशी. प्रत्येक डबा आपल्या नावाचं तेवढं उचलतो, आणि शेजाऱ्याने उचलू नये म्हणून मजकूर सांकेतिक केलेला असतो.

खरी गंमत जाणाऱ्या डेटाची. बत्तीस लेझर एकाच तंतूत एकदम पेटले तर नुसता गोंधळ. म्हणून एक्स्चेंजमधलं यंत्र प्रत्येकाला वेळ नेमून देतं, आणि आपली पाळी नसताना डबा लेझर विझवून बसतो. पण घरं सारख्या अंतरावर नसतात. प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, आणि वर जाण्याचा वेग सव्वा अब्ज बिट्सचा. म्हणजे एका किलोमीटरच्या फरकात सहा हजारांहून जास्त बिट्स इकडचे तिकडे! यावर उपाय असा: मधूनमधून यंत्र सगळ्यांना पाव मिलिसेकंद गप्प करतं आणि ‘कुणी नवीन आहे का?’ असं विचारतं. नवा डबा आपला क्रमांक सांगतो. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, आणि त्या हिशेबाने जवळच्या घराला मुद्दाम थांबवलं जातं. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने सगळी घरं एकाच अंतरावर! उन्हाने केबल तापली, की काचेतला प्रवासवेळ किंचित बदलतो. यंत्र तोही फरक टिपून विलंब जुळवत राहतं.

 

अर्थात वाटणीचा तोटाही आहे. एखादा डबा बिघडून त्याचा लेझर विझेनासा झाला, तर तो सगळ्यांच्या पाळीत बोलत सुटतो आणि त्या स्प्लिटरवरची सगळी घरं बसतात. तुमचा डबा ठणठणीत, केबल शाबूत, तरी नेट नाही. अशा वेळी केबलवाल्याला एकेक फाटा काढून बघावा लागतो, गुन्हेगार सापडेपर्यंत.