पॉमेरेनियन : सात पौंडांची रेषा आणि तिचे परिणाम

1767 मध्ये इंग्लंडच्या राणीकडे आलेली पॉमेरेनियनची जोडी मांडीवर घेऊन बसण्याजोगी नव्हती. बाल्टिक किनाऱ्याकडून आलेला हा स्पिट्झ कुळातला (टोकदार कान, दाट केस, पाठीवर वळलेली शेपटी) कुत्रा त्या काळच्या तैलचित्रांत चांगला मध्यम आकाराचा दिसतो. 1888 मध्ये नंतरच्या एका राणीने फ्लॉरेन्समध्ये पसंत केलेला नर सुमारे 12 पौंडांचा, म्हणजे साधारण 5.4 किलोचा होता. राजवाड्याने लहान कुत्रा पसंत केला म्हटल्यावर पैदास करणारेही त्याच दिशेने वळले.

पण जातीचा आजचा आकार राजवाड्याने नाही, प्रदर्शनाच्या नियमाने ठरवला. 1896 मध्ये इंग्लंडमधल्या प्रदर्शनांत 8 पौंडांच्या वरचे आणि खालचे असे दोन वर्ग झाले. 1909 मध्ये ही रेषा 7 पौंडांवर (सुमारे 3.2 किलो) आणली गेली. 1915 मध्ये 7 पौंडांवरच्या कुत्र्यांना मिळणारी विजेतेपदाची प्रमाणपत्रे बंद झाली. मोठा पॉमेरेनियन पाळायला बंदी नव्हती, पण तो चॅम्पियन होऊ शकत नसेल तर त्याची वंशावळ जपणार कोण? इंग्लंडमधली मोठी शाखा अशी कागदावरच आटली.

या निर्णयाच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. आकार वेगळे राखले नाहीत तर पिल्ले कोणत्या मापाची निघतील याचा भरवसा राहत नाही. आजही दोन लहान आईबापांच्या पोटी 5 किलोपर्यंत वाढणारे पिल्लू जन्मते. चूक झाली ती माप निवडण्यात. वजन खाण्यापिण्यावर हलते, उंची हलत नाही. जर्मन पद्धतीत आकार खांद्यापाशी मोजतात आणि सर्वांत लहान स्पिट्झला तिथे 18 ते 24 सेंटिमीटर उंची चालते. निरोगी हाडापेराच्या कुत्र्याला त्यात वाव मिळतो. अमेरिकेच्या अधिकृत जातिवर्णनात मात्र आजही 3 ते 7 पौंड असे वजनच लिहिलेले आहे.

आकार लहान करणारे जनुक माणसाने घडवलेले नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे रूप सायबेरियातल्या सुमारे 54 हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही आढळले. माणसाने केली ती निवड, आणि तिचे परिणाम रोजच्या देखभालीत भेटतात.

जबडा लहान झाला, पण कायमचे दात 42 च राहिले. त्यामुळे दाटी होते आणि अनेकदा दुधाचे सुळे पडत नाहीत. सात महिन्यांच्या सुमारास नवा आणि जुना सुळा शेजारी दिसले तर दुधाचा काढून घ्यावा. राहू दिला तर दोघांच्या फटीत अन्न अडकून हिरडी खराब होते. दात रोज घासावेत, कुत्र्यांच्याच पेस्टने. गुडघ्याची वाटी सरकणे या जातीत नेहमीचे. पळता पळता मागचा एक पाय उचलून दोन-तीन उड्या मारल्या आणि पुन्हा नीट चालायला लागला, तर तपासणी करून घ्या. श्वासनलिका मऊ असते, म्हणून गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावू नये, छातीचा हार्नेस वापरावा. उत्साहात हंसासारखा कर्कश खोकला येऊ लागला तर तो घशातला कफ समजून घरी औषध देत बसू नये.

सर्वांत घाईचे संकट पिल्लांचे. यकृतात साखरेचा साठा फारच थोडा असतो, म्हणून तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा खायला हवे. पिल्लू झिंगल्यासारखे चालू लागले, सुस्त पडले किंवा थरथरले तर बोटाने मध किंवा ग्लुकोज हिरड्यांना चोळावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असलेला गोड पदार्थ तर कधीच नाही, तो कुत्र्यांना विषारी आहे.

अलीकडे ‘टीकप’ नावाने विकली जाणारी अतिलहान पिल्ले हा याच रेषेचा पुढचा टोकाचा भाग. अशी वेगळी जात कोणत्याही मान्य जातिवर्णनात नाही. दीड किलोच्या आतल्या मादीची पैदास करणे हा तिच्या जिवाशी खेळ आहे. बाळंतपण बहुधा सिझेरियननेच होते.

केसांबद्दल गैरसमज जास्त. आत मऊ दाट लोकर आणि वर सरळ राठ केस असे दोन थर असतात. कोरडे केस विंचरले तर तुटतात. आधी पाण्याचा हलका फवारा मारावा, केसांचा एकेक पट्टा वर धरून कातडीपासून टोकाकडे ब्रश फिरवावा आणि शेवटी धातूचा कंगवा. गुंते कानामागे, बगलेत आणि मागच्या मांड्यांवर होतात. आठवड्यातून दोन-तीनदा एवढे पुरते. चार महिन्यांनंतर पिल्लाचे केस विरळ होऊन ते ओळखू येईनासे होते, तेव्हा घाबरू नये. नवे केस यायला काही महिने लागतात.

उन्हाळा आला म्हणून मशीन फिरवणे मात्र टाळाच. कातरलेले केस कधीकधी वर्षभरही परत येत नाहीत, कधी लोकर येते आणि वरचा थर येत नाही. न कातरताही धडावरचे केस गळून कातडी काळी पडू लागली, तर आधी थायरॉइड आणि अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल) ग्रंथीचे विकार तपासून वगळावेत. ते नसतील तर बहुधा या जातीत, विशेषतः नरांमध्ये, दिसणारी ‘अलोपेशिया एक्स’ ही केसगळती निघते. तिने कुत्र्याच्या प्रकृतीला त्रास होत नाही. उघड्या कातडीला उन्हापासून आणि थंडीपासून जपले की पुरते.