ऑटोक्रॉस प्रशिक्षण

शंकू मांडून आखलेल्या तात्पुरत्या, बंदिस्त मार्गावर एका वेळी एकच मोटार सोडून तिला लागलेला वेळ मोजण्याच्या क्रीडाप्रकारास ऑटोक्रॉस म्हणतात. या खेळासाठी, किंवा त्याच्या निमित्ताने एकूणच मोटार चालवण्यात सफाई यावी म्हणून, दिल्या जाणाऱ्या शिक्षणास ऑटोक्रॉस प्रशिक्षण म्हणतात. ते बहुधा एक-दोन दिवसांच्या शिबिराच्या स्वरूपात असते. शिकणारा शक्यतो स्वतःची रोजच्या वापरातली मोटार आणतो; वाहन चालवण्याचा पक्का परवाना आणि किमान सराव त्याच्याजवळ असावा, हे गृहीत असते. मैदानावर शंकूला सर्रास ‘कोन’ म्हणतात. मात्र पुढे घसरकोनाचाही उल्लेख येत असल्याने या नोंदीत ‘शंकू’ हाच शब्द वापरला आहे.

नाव आणि उगम : ‘ऑटोक्रॉस’ या शब्दाचा अर्थ देशपरत्वे बदलतो, आणि प्रशिक्षणात काय शिकवले जाईल तेही त्यावरच ठरते. ब्रिटनमध्ये हा शब्द गवताळ किंवा कच्च्या जमिनीवरील शर्यतीसाठी वापरतात. डांबरी आवारात शंकूंमधून मोटार वळवण्याच्या स्पर्धांना तिथे ऑटोटेस्ट किंवा ऑटोसोलो अशी वेगळी नावे आहेत. अमेरिकेत नेमके उलट आहे. विस्तीर्ण वाहनतळ आणि जुन्या धावपट्ट्या यांच्या पक्क्या पृष्ठभागावरील शंकूंच्या स्पर्धेलाच तिथे ऑटोक्रॉस म्हणतात. १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या नियमांत तिला ‘सोलो’ असे नाव आहे. यांपैकी मूळ अर्थ कोणता, याविषयी एकमत नाही. तथापि मोटोक्रॉस (कच्च्या वाटेवरील दुचाकींची शर्यत) या शब्दातील ‘क्रॉस’ हा रानावनातून, शेताडीतून जाण्याचा वाचक आहे आणि ऑटोक्रॉस त्याच घडणीचा दिसतो. तेव्हा कच्च्या जमिनीचा ब्रिटिश अर्थ आधीचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत हा खेळ फोफावला. त्याच्याशी नाते सांगणाऱ्या रॅलीक्रॉसची, म्हणजे काही भाग पक्का व काही कच्चा अशा बंदिस्त मार्गावरील मोटारशर्यतीची, पहिली स्पर्धा फेब्रुवारी १९६७ मध्ये इंग्लंडमधील लिडन हिल येथे झाली.

याहून जुने आणि पुणेकरांना जवळचे नाव म्हणजे ‘जिमखाना’. शंकूंमधून मोटार फिरवण्याच्या स्पर्धेला जपानमध्ये आजही जिमखान्याचेच नाव आहे, तर ऑस्ट्रेलियात त्यावरून ‘मोटरखाना’ असा शब्द झाला. हा शब्द हिंदुस्थानातून बाहेर गेला याविषयी वाद नाही; वाद आहे तो त्याच्या व्युत्पत्तीविषयी. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या कोशात त्याचा पहिला ज्ञात वापर १८६१ मध्ये रुडकी येथे झाल्याचे नोंदवले आहे. मात्र शब्द घडला तो मुंबई इलाख्यात असावा, असेही तिथेच म्हटले आहे. रॅकेट खेळण्याच्या जागेस हिंदीत ‘गेंदखाना’ म्हणत आणि जिम्नॅस्टिक्स या शब्दाच्या छायेने ‘गेंद’चा ‘जिम’ झाला, असा त्या कोशकारांचा तर्क आहे. दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द ‘जमातखाना’, म्हणजे लोकांनी एकत्र जमण्याची जागा, हा असावा. मराठीत ‘खाना’ हे पद तोफखाना, पीलखाना, कारखाना, दवाखाना अशा शब्दांत पूर्वीपासून मुरलेले असल्याने इलाख्यातल्या कानांना नवा शब्द परका वाटला नसणार. ‘गेंद’ मात्र मराठी नव्हे. आपण चेंडू म्हणतो. त्यामुळे शब्द मुंबई इलाख्यात घडला असेल, तर तो मराठी बोलणाऱ्यांपेक्षा छावण्यांतल्या हिंदुस्थानीतून आला असण्याचा संभव अधिक. गेंदखान्याचे मत बहुतेक कोशांनी स्वीकारले असून ते ग्राह्य धरण्यास हरकत नाही.

मुंबईचा बाँबे जिमखाना १८७५ चा, तर पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. इथे जिमखाना म्हणजे खेळांची संस्था, आणि पुण्यात तर एका वस्तीचे नाव. इंग्लंडात गेल्यावर त्याचा अर्थ घोडेस्वारीचे खेळ असा झाला. त्यांतला एक खेळ म्हणजे ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून घोडा नागमोडी काढणे. विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांच्या जागी मोटारी आल्या आणि काठ्यांच्या जागी पुढे शंकू आले. या नागमोडी ओळीला आता स्लालम म्हणतात. तो शब्द नॉर्वेजियन असून बर्फावर घसरण्याच्या खेळातून आलेला आहे.

मार्ग आणि नियम : एका फेरीला साधारण अर्धा ते सव्वा मिनिट लागते. तीन ते सहा फेऱ्या मिळतात आणि त्यांतली उत्तम वेळ धरली जाते. प्रत्येक शंकूच्या तळाभोवती खडूने किंवा रंगाने चौकट आखतात. शंकू आडवा झाला किंवा चौकटीच्या पूर्ण बाहेर गेला तरच दंड बसतो. हललेला पण उभा आणि चौकटीला टेकलेला शंकू माफ असतो. अमेरिकी नियमांत दंड शंकूमागे दोन सेकंदांचा आहे. कुठल्या बाजूने जायचे ते उभ्या शंकूशेजारी आडवा ठेवलेला शंकू दाखवतो. दरवाजा, म्हणजे शंकूंची जोडी, चुकला तर ती फेरी बाद होते. भारतात मोटारक्रीडेचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते आणि दंडाचा तपशील त्या त्या स्पर्धेच्या पूरक नियमांत दिलेला असतो.

प्रशिक्षणाचा क्रम : शिबिराची सुरुवात मोटार रिकामी करण्यापासून होते. डिकीतली हत्यारे, पायाशी लोळणारी पाण्याची बाटली, सुटे पायपुसणे, डॅशबोर्डावरची गणपतीची सुटी मूर्ती हे सारे बाहेर काढून नीट ठेवायचे असते. ब्रेकच्या पेडलखाली अडकलेली बाटली हा खरा धोका आहे. स्टेपनी पक्की बसलेली नसेल तर तीही काढतात. चाकांचे नट तपासतात. टायरच्या खांद्यावर, म्हणजे कडेच्या गोलाईवर, खडूच्या रेघा ओढतात. फेरीनंतर रेघ कुठवर पुसली गेली ते पाहून हवा वाढवायची की कमी करायची ते ठरते. एवढा स्वस्त आणि एवढा बोलका दुसरा उपाय नाही.

मग बसणे. पाठ टेकलेली असताना हात लांबवल्यास मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर टेकावे आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीन या अंकांच्या जागी. पुण्याच्या रहदारीत एक हात गिअरवर आणि दुसरा हॉर्नवर ठेवण्याची सवय जडलेली असते. ती मोडायलाच पहिला तास जातो.

यानंतर मार्ग पायी चालून पाहतात, एकदा नव्हे, तीनचारदा. नवख्याला शंकूंचा नुसता नारिंगी गोंधळ दिसतो. चालताना वाकून, मोटारीत बसल्यावर डोळे ज्या उंचीवर येतात त्या उंचीवरून पाहिले की वाट उलगडते. प्रशिक्षणाचा गाभा नजर हा आहे आणि त्याचे गणित सोपे आहे. ताशी ४५ किमी. वेगाने मोटार सेकंदाला साडेबारा मीटर जाते. शंकूंमध्ये १८ मीटर अंतर असेल, तर एकापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम दीड सेकंद मिळतो. पाहणे, ठरवणे, हात वळवणे आणि मोटारीने त्याला प्रतिसाद देणे एवढे सारे त्यात मावत नाही. म्हणून समोरच्या शंकूकडे पाहणाऱ्याला प्रत्येक शंकूवर उशीर होतो आणि तो उशीर ओळीच्या शेवटापर्यंत साचत जातो. नजर दोन शंकू पुढे हवी. प्रशिक्षक शेजारी बसून बहुतेक वेळ एकच शब्द बोलतो : ‘पुढे’.

दुसरा भाग वजनाचा. चारही टायर मिळून जमिनीला जेवढे धरतात तेवढेच भांडवल. ते ब्रेकसाठी खर्च करा किंवा वळण्यासाठी, दोन्हींसाठी पुरे पडत नाही. १,००० किग्रॅ. वजनाची मोटार गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट त्वरणाने वळत असेल, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी. उंच आणि दोन्ही बाजूंच्या चाकांतले अंतर १४५ सेंमी. असेल, तर सुमारे ३०० किग्रॅ. भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. उभ्या मोटारीत दोन्ही बाजूंना ५००-५०० असलेला भार आता ८०० आणि २०० होतो. हा बदल सावकाश घडवला तर टायर तो पेलतो, झटका दिला तर सुटतो. हात हळू चालवले की फेरीला वेळ कमी लागतो, हे नवख्याला पटत नाही. पहिल्या दिवशी दुपारी कधीतरी ते शरीराला कळते. उंच बांध्याच्या एसयूव्ही अशा शिबिरांत सहसा घेत नाहीत, त्याचेही कारण याच गणितात आहे : गुरुत्वमध्य जसजसा वर जातो तसतशी मोटार घसरण्याऐवजी उलटण्याकडे झुकते.

ब्रेकचा पाठ डांबरावर असा असतो : ठरलेल्या वेगाने या आणि शंकूंनी आखलेल्या पेटीत थांबा. टायरची पकड वरच्यासारखीच गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट धरली, तर ताशी ४० किमी. वेगावरून थांबायला सुमारे ८ मीटर लागतात आणि ६० वरून सुमारे १८. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. हे आकडे शाळेत शिकलेल्यांनाही पेटी ओलांडून गेल्यावरच पटतात. बरेच जण दहा-पंधरा वर्षे गाडी चालवूनही एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) एकदाही जागे होईल इतका ब्रेक दाबलेले नसतात. पेडल थरथरले की घाबरून पाय उचलतात. पाय दाबून ठेवायचा आणि त्याच वेळी वळवायचे, हे बंदिस्त मैदानावर एकदा करून पाहणे, या लेखकाच्या मते, संपूर्ण शिबिराचे मोल आहे.

घसरण्याचे दोन प्रकार वर्तुळाकार मार्गावर अनुभवायला देतात. पुढची चाके सुटतात तेव्हा स्टीअरिंग वळवूनही मोटार सरळ जाऊ पाहते. याला अंडरस्टीअर म्हणतात. मागची चाके सुटून शेपटी बाहेर पडते तेव्हा ओव्हरस्टीअर. टायरचे तोंड जिकडे आणि टायर प्रत्यक्षात जातो जिकडे, या दोहोंमधला कोन म्हणजे घसरकोन. पकड सर्वांत जास्त असते ती हा कोन थोडासा असताना. त्यापुढे ती घटते. म्हणून अंडरस्टीअर होत असताना स्टीअरिंग आणखी वळवणे व्यर्थ. ते थोडे सोडायचे आणि ॲक्सिलरेटर ढिला करायचा. पुण्यात सर्वाधिक दिसणाऱ्या छोट्या मोटारी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असल्याने हा पाठ इथे अधिक लागू पडतो.

मुरूम आणि डांबर : दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेला मुरूम पुण्याच्या आसपास मुबलक आहे, आणि मोकळे मैदान म्हटले की बहुधा मुरमाचेच मिळते. अमेरिकी पद्धतीचा पाठ त्यावर जसाच्या तसा चालत नाही. डांबरावर टायर पकड सुटण्यापूर्वी आवाज करतो आणि कान तो शिकतात. मुरमावर तो आवाज नाही, सूचना स्टीअरिंगच्या हलकेपणातून आणि बैठकीतून येते. घसरकोन मोठे असतात. ब्रेकची गोष्टही वेगळी : सुट्या खडीवर ब्रेकने फिरायचे थांबलेले चाक पुढे मातीचा बांध साचवते आणि त्याने मोटार लवकर थांबते, एबीएस चाकाला अडकू देत नसल्याने अंतर वाढू शकते. काळ्या मातीचा तुकडा मध्ये आला आणि तो ओला असला, तर हे सगळे अंदाज कोलमडतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कच्च्या मैदानावर सराव टाळतात. दिवाळीनंतरचे महिने उत्तम. त्या काळात धूळ बसवण्यासाठी टँकरने पाणी मारावे लागते.

पुणे आणि परिसर : मोटारउद्योगामुळे वाहनचाचणीची परंपरा इथे जुनी आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली असून ती कोथरूडला वेताळ टेकडीवर आहे. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलो मोटारींची शर्यतमाला २०१० मध्ये सुरू झाली; शर्यती मात्र अन्यत्र झाल्या. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या वेगाच्या स्पर्धा भरतात. दुचाकींच्या सुपरक्रॉसला, म्हणजे क्रीडासंकुलात रचलेल्या मातीच्या उंचवट्यांवरील शर्यतींना, शहरात चांगला प्रेक्षक आहे; जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात त्याची मोठी स्पर्धा झाली. पुण्याचे रॅलीचालक संजय टकले यांनी आशिया-पॅसिफिक रॅली मालिकेत भाग घेतला आहे.

नेहमीच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलशी या प्रशिक्षणाची गल्लत करू नये. तिथला अभ्यासक्रम १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बांधलेला असून त्याचा शेवट परवान्याच्या चाचणीत होतो. ऑटोक्रॉस प्रशिक्षणाने कुठलाही परवाना मिळत नाही.

कायदा आणि विमा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. रात्री रिकाम्या दिसणाऱ्या बायपासवर ‘सराव’ करणाऱ्या तरुणांनी हे कलम जरूर वाचावे. त्या रस्त्यावर माणसे असतात. खासगी मोटारीच्या सर्वसाधारण विम्यातून संघटित शर्यती आणि वेगचाचण्या वगळलेल्या असतात. शिबिर ‘प्रशिक्षण’ या नावाने भरले तरी वेळ मोजली जात असेल, तर आपली पॉलिसी काय म्हणते ते आधी विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

प्रगतीचे मोजमाप : पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या वेळेतला फरक हीच प्रगती मानण्याचा प्रघात आहे, तो जपून स्वीकारावा. मुरमावर दिवसभरात सुटी खडी बाजूला फेकली जाते, खालचा कठीण थर उघडा पडतो आणि दुपारी सगळ्यांचीच वेळ सुधारते. पुढे चाकोऱ्या खोल झाल्या की ती पुन्हा बिघडते. डांबरावर तापमान आणि टायरची हवा वाढत जाते. त्यामुळे अनुभवी प्रशिक्षक अधूनमधून स्वतः एक फेरी मारतात आणि शिकणाऱ्याची वेळ त्या फेरीशी ताडून पाहतात. दोघांमधले अंतर सकाळी सहा सेकंद असेल आणि संध्याकाळी चार, तर सुधारणा दोन सेकंदांची धरतात, मग घड्याळ काहीही दाखवो.