पार्श्वभूमी: पोर्श ९११ ची मागची चाकं जाड का झाली?

स्टुटगार्टला राहणाऱ्या एका मित्राने मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल केला, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे तीन, आणि विषय काय तर "माझ्या गाडीला मागे आठ इंची रिम बसेल का रे". गाडी १९८२ ची पोर्श ९११ एससी. मागे सात इंच रुंद, फुक्स कंपनीच्या रिम होत्या आणि साहेबांना आठ हव्या होत्या, कारण टर्बो मॉडेलचा मागचा भाग कसा भरलेला दिसतो. झोप तर उडालीच होती, मग बसलो कागद-पेन घेऊन. तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न गाडी जन्माला आली तेव्हापासूनचा आहे, आणि तो पहिल्यांदा पडला तो खुद्द कंपनीलाच.

९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली १९६३ च्या फ्रँकफर्ट शोमध्ये, तेव्हा नाव होतं ९०१. प्यूजोने मधल्या शून्यावर हक्क सांगितला म्हणून ९११ झालं. चाकं बघाल तर आज हसू येईल, साडेचार इंच रुंद स्टीलच्या रिम आणि १६५ चे टायर, चारही बाजूंना सारखेच. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकला हल्ली याच्यापेक्षा जाड टायर असतात. पण त्या काळी १३० हॉर्सपॉवरला तेवढं पुरेसं वाटायचं.

अडचण वेगळीच होती. इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकलेलं, त्यामुळे वजन मागे जास्त आणि पुढचा भाग हलका. वळणावर ज्या चाकांवर वजन जास्त तीच चाकं बाहेर सरकायला बघतात, आणि ड्रायव्हरने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागची पकड सुटते आणि गाडीचं बूड पुढे यायला बघतं. सुरुवातीला यावर कंपनीने काय केलं, तर पुढच्या बंपरच्या आत दोन्ही टोकांना ११-११ किलोचे बिडाचे ठोकळे बसवले. आपण हवेने उडू नये म्हणून ताडपत्रीवर दगड ठेवतो ना, तसंच. हलकी स्पोर्ट्स कार बनवायची आणि तिच्यात मुद्दाम २२ किलो बीड घालायचं, त्या इंजिनियरांना किती लाज वाटली असेल.

खरा इलाज झाला १९६९ च्या मॉडेलला. इंजिन-गिअरबॉक्स जागच्या जागी ठेवून फक्त मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २२११ चा २२६८ झाला. ठोकळे गेले आणि त्यांच्या जागी पुढे दोन कोपऱ्यांत दोन बॅटऱ्या आल्या, म्हणजे वजन तेच पण निदान कामाचं. सोबत रिमची रुंदीही वाढत होती. १९६७ च्या ९११ एसला पहिल्यांदा फुक्स कंपनीच्या फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या, अलॉय रिम आल्या, पाच पाकळ्यांच्या, ज्या आज सगळे ओळखतात. त्या साडेचारच इंची होत्या, पुढच्या वर्षी साडेपाच झाल्या आणि १९६९ ला सहा. तरीही तोवर पुढे-मागे रुंदी एकच.

आता इथे जरा थांबतो, कारण मला सगळ्यात जास्त मजा याच भागात आली. रिमवर ईटी म्हणून एक आकडा कोरलेला असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते तो सांगतो. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत. सहा इंची फुक्सचा ईटी ३६, सात इंचीचा २३.३, आठ इंचीचा १०.६. मी पहाटे कागदावर वजाबाकी केली तर दोन्ही वेळा उत्तर १२.७ आलं, म्हणजे बरोबर अर्धा इंच. रिम एक इंच रुंद झाली की मध्यापासून दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच वाढते, आणि त्याच वेळी ऑफसेट अर्धा इंच कमी केला की अख्खी रिम तेवढीच बाहेर सरकते. मग आतली कड? जिथल्या तिथे! सहा घ्या, सात घ्या, आठ घ्या, आतली कड एक केसभर हलत नाही आणि वाढलेला प्रत्येक इंच सगळाच्या सगळा बाहेर जातो. आत सस्पेन्शन आणि चाकाची कमान आहे, तिथे फारशी जागा नाही. एक अपवाद म्हणजे ७आर नावाची दुर्मिळ रिम. तिचा ईटी ४९, तिथे उलटं केलं होतं, बाहेरची कड सहा इंचीची तीच ठेवून जास्तीचा इंच आत ढकलला होता, म्हणजे अरुंद बॉडीच्या जुन्या गाडीतही ती बसायची.

तर चाक बाहेर आलं की मडगार्डलाही बाहेर यावं लागतं. हे पहिल्यांदा ठळकपणे झालं ते १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ या ९११ मध्ये, जी ऑक्टोबर १९७२ ला पॅरिसला दाखवली. रेसिंगच्या नियमासाठी ५०० गाड्या विकायच्या होत्या, एवढ्या कोण घेणार अशी धाकधूक होती, शेवटी १५८० बनल्या. पोर्शच्या रस्त्यावरच्या गाडीला पुढे-मागे वेगळी रुंदी याच गाडीत पहिल्यांदा आली, पुढे सहा इंची रिमवर १८५/७०, मागे सात इंचीवर २१५/६० (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के). पुढचे टायर आधी सरकावेत आणि मागचे चिकटून राहावेत, एवढाच हेतू. त्यासाठी मागची मडगार्ड फुगवली आणि गाडीची रुंदी १६१० ची १६५२ मिलिमीटर झाली, म्हणजे एका बाजूला २१. मागच्या झाकणावरचं बदकाच्या शेपटीसारखं पान सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण मला विचाराल तर त्या गाडीतली खरी मोठी गोष्ट हे २१ मिलिमीटर आहेत. आणि गंमत म्हणजे मित्राच्या एससीची रुंदीही १६५२ च आहे, आरएसची कंबर पुढे साध्या ९११ लाच मिळाली.

याच आरएसच्या रेसिंगच्या अवताराला, आरएसआरला, तर पुढे ९ आणि मागे ११ इंची रिम होत्या. तिने १९७३ ला डेटोना आणि टार्गा फ्लोरिओ या दोन्ही शर्यती जिंकल्या आणि मग रुंद बूड म्हणजेच वेगवान पोर्श हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे ऑक्टोबर १९७४ ला ९३० टर्बो आली, २६० हॉर्सपॉवर, रिम पुढे सात आणि मागे आठ, रुंदी १७७५. रेसिंगच्या ९३४ आणि ९३५ ला आणखी जाड टायर लागणार होते, त्यांच्यासाठी ही जागा रस्त्यावरच्या गाडीतच करून ठेवली होती. पण टर्बोचा जोर उशिरा आणि एकदम यायचा, तोही बऱ्याचदा वळणाच्या मध्यात, म्हणून हिला विडोमेकर, म्हणजे विधवा करणारी, हे नाव पडलं. म्हणजे औषध वाढवलं तसा आजारही वाढला.

टायरचं म्हणाल तर खरी उडी पिरेलीच्या पी-सेव्हनने मारली. मुळात लान्चिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी बनवलेला हा टायर. बाजूची भिंत इतकी बुटकी की वळणात वाकायला वावच नाही, आणि वरून नायलॉनचा पट्टा सरळ गोल गुंडाळलेला, त्यामुळे वेगात तो फुगत नाही. पण १५ इंच व्यासाच्या रिमवर २२५/५० चढवला की चाकाची उंची २१५/६० च्या ६३९ मिलिमीटरवरून ६०६ वर येते, म्हणजे पाच टक्के कमी आणि स्पीडोमीटर तेवढा जास्त दाखवणार. उपाय सरळ होता, रिमचा व्यासच १६ इंच करायचा. २२५/५० ची उंची १६ वर ६३१ होते, म्हणजे जुन्या चाकाच्या जवळपास. रिम मोठी, भिंत छोटी, बाहेरची उंची तीच, हे जे गणित आज कुठलाही टायरवाला तोंडपाठ सांगतो ते ९११ मध्ये असं आलं.

यानंतर ऐंशीच्या दशकात सगळं दिसण्यावर गेलं. ९३५ रेसमध्ये जिंकत होती, १९७९ ची ल मान्सची शर्यत क्रेमर टीमच्या ९३५ ने मारली, आणि मग घरोघरी फायबरची मडगार्ड चिकटवणारे तयार झाले. हे बघून पोर्शनेच १९८४ पासून टर्बो नसलेल्या कॅरेराला टर्बोची बॉडी द्यायला सुरुवात केली, ऑप्शन नंबर एम४९१. ब्रेक आणि सस्पेन्शनही टर्बोचंच मिळायचं, हे खरं, पण गाडी वजनाने जड आणि हवेला आडवी, म्हणून टॉप स्पीडला अरुंद कॅरेरापेक्षा हळू. पैसे जास्त, वेग कमी, तरी लोक घ्यायचे. नंतर जपानमध्ये अकिरा नाकाईने आरडब्ल्यूबी नावाने हाताने मडगार्ड कापून वर रुंद कमानी बसवायला सुरुवात केली, आणि चांगला पत्रा कापणं ज्यांच्या जिवावर येतं ते आजही त्याचे व्हिडिओ डोळे झाकून बघतात.

जाड टायरची किंमत मात्र चालवणाऱ्याला मोजावी लागतेच. या जुन्या ९११ ना पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे पुढे जाड टायर टाकला तर पार्किंगमध्ये दंड भरून येतात. पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो आणि खराब रस्त्यावर प्रत्येक चराच्या मागे धावतो. चाक बाहेर आलं की व्हील बेअरिंगवरचा ताणही वाढतो. जर्मनीत असे बदल तपासून कागदावर चढवून घ्यावे लागतात, नाहीतर गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. आपल्याकडेही गाडीतल्या अशा बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ ला त्यावर निकाल दिलाय, पण गल्लीतल्या थारचे टायर बघून कोणाला ते माहीत असेल असं वाटत नाही. आणि आता वारं उलटं फिरलंय, १८५/७० आणि २१५/६० चे जुन्या धाटणीचे टायर पिरेली पुन्हा बनवते, आणि ज्यांनी ऐंशीत कमानी कापल्या त्यांचे वारस मूळचा पत्रा शोधत फिरतायत.

तर मित्राच्या प्रश्नाचं उत्तर असं की कंपनीनेच १९८९ च्या कॅरेराला, याच १६५२ च्या बॉडीत, मागे १६ इंच व्यासाची, आठ इंच रुंद रिम दिली होती. म्हणजे बसते. पण सातपेक्षा ती अख्खा इंच बाहेर येणार, म्हणून त्याला म्हटलं आधी मागच्या सीटवर दोघांना बसव, टॉर्च घे आणि टायर आणि मडगार्डच्या वळलेल्या कडेमध्ये बोटं घालून बघ, दोन्ही बाजूंना, कारण या बॉड्या दोन्हीकडे तंतोतंत सारख्या नसतात. रविवारी त्याचा मेसेज आला, उजवीकडे दोन बोटं आरामात जातात, डावीकडे एक जेमतेम. खाली फोटो होता, टॉर्चच्या उजेडात काळं झालेलं त्याचं बोट, आणि त्याखाली लिहिलेलं, "सातच बऱ्या आहेत. बायकोला सांगितलंय की पैसे वाचवले."