खारिस चित्रपट
अमेरिकेतील युनिव्हर्सल चित्रसंस्थेचे चार अल्पखर्ची ममी भयपट : ‘द ममीज हँड’ (१९४०), ‘द ममीज टूम’ (१९४२), ‘द ममीज घोस्ट’ आणि ‘द ममीज कर्स’ (दोन्ही १९४४). प्रत्येकाची लांबी जेमतेम तासाभराची. पहिल्यात टॉम टायलर, पुढच्या तिन्हींत लॉन चेनी (धाकटा) खारिस नावाची ममी झाला.

राजकन्या अनांका हिला जिवंत करण्यासाठी खारिस तानाची पवित्र पाने चोरतो, म्हणून जीभ छाटून त्याला जिवंत पुरतात. पौर्णिमेच्या रात्री तीन पानांचा काढा दिला की त्याचे हृदय चालू राहते. नऊ पानांनी तो चालू लागतो. त्याहून जास्त पाने उकळली तर कोणालाच आवरत नाही. ही पाने पटकथाकारांच्या कल्पनेतली आहेत. प्राचीन इजिप्तच्या विधींत त्यांना आधार नाही.

काटकसर जागोजाग दिसते. पहिल्या चित्रपटाची पूर्वकथा १९३२च्या ‘द ममी’तील दृश्ये वापरून उभी केली, दुसऱ्याची सुरुवातीची बरीच मिनिटे पहिल्याच्याच दृश्यांत जातात. टायलरचे डोळे जवळच्या दृश्यांत फिल्मवरच काळे केले, काही ठिकाणी मात्र ते तसेच राहून गेले. कालगणना तर पार कोलमडते. दुसरा भाग पहिल्यानंतर तीस वर्षांनी घडतो, तरी पडद्यावर युद्धकाळातली अमेरिकाच दिसते. तिसऱ्याच्या शेवटी मॅसॅच्युसेट्समध्ये दलदलीत बुडालेला खारिस चौथ्यात लुइझियानात सापडतो.

मूळ अडचण खारिसच्या चालीची. एक पाय फरफटत, एक हात छातीशी आखडून येणाऱ्या ममीपासून कोणीही सहज पळेल. त्यामुळे बळींना कोपऱ्यात अडकवावे लागते किंवा भीतीने खिळवून ठेवावे लागते. तीच युक्ती पुन्हापुन्हा आल्याने भय बोथट होते. पण हीच संथ चाल या चित्रपटांचे खरे बळही आहे. ममी दिसण्याआधी तिची सावली भिंतीवरून सरकते आणि प्रेक्षक वाट पाहत राहतो. या वाट पाहण्याला खर्च लागत नाही.

‘घोस्ट’चा शेवट त्या काळाच्या मानाने धीट आहे : अनांकाचा पुनर्जन्म असलेली नायिका वाचत नाही, खारिसच्या हातांत म्हातारी होत चिखलात बुडते. ‘कर्स’मध्ये अनांका (व्हर्जिनिया ख्रिस्टीन) वाळलेल्या दलदलीतून वर येते. मातीने माखलेले अंग, ताठर सांधे, झटक्याझटक्याने पडणारी पावले, आणि उन्हात हळूहळू सुटत जाणारा तो ताठरपणा. चारही चित्रपटांत याच्या तोडीचे दुसरे दृश्य नाही. संवादाविना, केवळ अभिनेत्रीच्या देहबोलीवर ते उभे आहे.