जगाचं राजकारण समजून घ्यायचंय? तेलापासून सुरुवात करा

बातम्या रोज बघतो पण युक्रेन, इराण, टॅरिफ हे सगळं नेमकं का चाललंय ते कळायला काय वाचू, असं दुकानात सारखं कोणीतरी विचारतं, म्हणून हे पत्रक.

आमचं मत स्पष्ट आहे, जाडजूड थिअरीच्या पुस्तकाने सुरुवात करू नका. आधी गिरीश कुबेर यांचं 'एका तेलियाने' घ्या, सौदीचे तेलमंत्री शेख झाकी यामानी यांच्यावरचं. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव ३ डॉलरवरून १२ च्या आसपास गेला, पुढे १९७५ मध्ये व्हिएन्नात ओपेकची, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेची, बैठक चालू असताना कार्लोस नावाच्या दहशतवाद्याच्या टोळीने याच यामानींना ओलीस धरलं. हा काळ एकदा डोक्यात बसला ना की आखातातल्या तेलाची जहाजं जिथून जातात त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीची बातमी आल्यावर आपल्या पंपावर काय होणार याचा अंदाज तुमचा तुम्हालाच यायला लागतो.

मग टिम मार्शल यांचं 'प्रिझनर्स ऑफ जिऑग्रफी', भूगोल देशांचं राजकारण कसं ठरवतो ते सांगणारं, पण अ‍ॅटलास शेजारी उघडा ठेवूनच वाचा, नाहीतर अर्धी मजा जाते.

आता सरकारी धोरणं. इथे दोन पुस्तकं जोडीने घ्या असा आमचा आग्रहच आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या 'पुअर इकॉनॉमिक्स'मध्ये उदयपूरच्या खेड्यांतलं लसीकरण आहे, जिथे जेमतेम ६ टक्के पोरांचे डोस पूर्ण होत होते तिथे नियमित कॅम्प लावल्यावर आकडा १७-१८ वर गेला, आणि प्रत्येक लसीला किलोभर डाळ आणि शेवटी स्टीलची ताटं द्यायला लागल्यावर थेट ३८-३९ वर. आणि लगेच पत्रकार पी. साईनाथ यांचं १९९६ चं, मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना'. त्यात ओडिशात जर्सी संकर करायचा म्हणून खरियारचे चांगले धट्टेकट्टे गावठी वळू खच्ची करून टाकले, ते वाचताना खरंच जीव तुटतो. लोकांना विचारून, मोजून केलेलं काम आणि वरून लादलेली योजना, दोन्ही लागोपाठ वाचल्याशिवाय फरक कळत नाही.

एमपीएससी-यूपीएससीवाल्यांनो, संसदेतल्या विधेयकांचे सारांश पीआरएस या संशोधन संस्थेच्या साइटवर फुकट मिळतात, चॅनलवरची चर्चा ऐकायच्या आधी ते वाचा. आणि चारही पुस्तकं काउंटरवर काढून ठेवलीत, बसून चाळा, पटलं तरच घ्या.